खोडरबर, कांट आणि सात वर्षांचा मुलगा

जुळे सोलापुरातल्या एक ताई बी.एड. करत आहेत. एका पेपरात त्यांना नीतिशास्त्र आहे: कर्तव्यवाद (काय करणं आपलं कर्तव्य, ते बघणं), उपयुक्ततावाद (कशानं सगळ्यांचं भलं होईल, ते बघणं), सद्‌गुणांची नीती. दुसऱ्या पेपरात पियाजे आणि कोहलबर्ग, म्हणजे मुलं बरोबर-चूक कसं ठरवतात हे अभ्यासणारे मानसशास्त्रज्ञ. या दोन पेपरांचा एकमेकांशी संबंध काय, हे कुठल्याच नोट्समध्ये नाही, असं त्या लिहितात. त्यातच घरी एक प्रकार झाला. त्यांच्या सात वर्षांच्या मुलानं वर्गातल्या मुलीचा खोडरबर न विचारता उचलला आणि ज्याच्याकडे खोडरबर नव्हता अशा मित्राला देऊन टाकला. रागावल्यावर म्हणाला, "तिच्याकडे दोन होते." ताईंचा प्रश्न असा: याला चोरी म्हणायचं की मदत? आणि हे ठरवायला कोणता सिद्धांत लावायचा?

ताई, तुमच्या मुलानं तुमचे दोन्ही पेपर एकाच खोडरबरात आणून ठेवले आहेत. मी सव्वीस वर्षं सोलापुरात आधी प्राथमिक शाळेत आणि मग बालवाड्यांच्या सेविकांसोबत काम केलं. त्या अनुभवावरून सांगते. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी दोन पेपरांचं भांडण मिटवू. काय करावं, हे नीतिशास्त्र विचारतं. मुलं याबद्दल प्रत्यक्षात कसा विचार करतात आणि वयाबरोबर तो कसा बदलतो, हे मानसशास्त्र बघतं. एकाचं उत्तर दुसऱ्यातून आपोआप निघत नाही. पाच वर्षांची बहुतेक मुलं एखादी गोष्ट बरोबर म्हणतात म्हणून ती बरोबर ठरत नाही. पण मानसशास्त्रज्ञाला 'विकास' हा शब्द वापरायचा असेल, तर पुढे म्हणजे नक्की कुठे, हे त्याला आधी ठरवावं लागतं. ते ठरवताना तो कुठल्या ना कुठल्या नीतिशास्त्राच्या खिशात हात घालतोच. नोट्समध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. तुम्ही वाचाल त्या प्रत्येक मानसशास्त्रज्ञाला मनातल्या मनात विचारत जा, "तुमच्या शिडीच्या वरच्या पायरीवर कोण बसलंय?"

पियाजेपासून बघू. हा स्विस माणूस पोरांबरोबर गोट्या खेळायला बसला आणि हा खेळ कसा खेळायचा, हे नियम कुणी केले, ते बदलता येतात का, असं विचारत राहिला. त्याचं पुस्तक १९३२ साली आलं. लहान मुलांना नियम वरून आलेला वाटतो, मोठ्यांकडून किंवा देवाकडून, आणि तो बदलणं म्हणजे पाप. दहा-अकराच्या सुमारास मुलांना कळतं की नियम आपणच ठरवतो आणि सगळे 'हो' म्हणाले तर बदलताही येतो. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट बघा. 'एक टप्पा आऊट'चा नियम बदलताना मोठी पोरं सभा भरवतात. पाच वर्षांचं पोर मात्र रडत घरी येतं, "ते खोटं खेळतात" म्हणून.

त्याची कपांची गोष्ट तुम्ही वाचली असेल. एक मुलगा दार ढकलतो, दारामागे कप आहेत हे त्याला ठाऊक नसतं, पंधरा कप फुटतात. दुसरा आई घरात नसताना मुरंबा चोरायला वर चढतो आणि एक कप फोडतो. जास्त चूक कुणाची? लहान मुलं पंधरावाल्याला धरतात, मोठी मुलं हेतू बघतात.

शहराच्या पूर्व भागातल्या एका बालवाडीत मी ही गोष्ट सांगितली होती. मी मराठीत, सेविका लगेच तेलुगूत. गोष्ट संपायच्या आधीच पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "पंधरा कप? एवढे कुणाच्या घरी असत्यात?" मग एकानं सल्ला दिला की स्टीलचे घ्यायचे. शेवटी उत्तरं आली तेव्हा मला काही वेगळंच ऐकू आलं. मी 'कुणाची चूक जास्त' विचारलं होतं आणि मुलं 'कुणाला मार जास्त बसेल' याचं उत्तर देत होती. विड्या वळून आलेल्या पैशातून कप आणणाऱ्या आईचा राग नुकसानीच्या हिशोबानंच वाढतो, त्यात त्या माऊलीचाही दोष नाही. पोरं अगदी बरोबर निरीक्षण सांगत होती. मी त्यांच्या नीतीची परीक्षा घ्यायला गेले आणि त्यांनी मला घरचा अनुभव सांगितला.

याचा तुमच्या पेपरासाठी उपयोग असा. गाइडांमध्ये लिहिलेलं असतं की लहान मूल परिणाम बघतं म्हणजे ते उपयुक्ततावादी, आणि मोठं हेतू बघतं म्हणजे कांटवादी, कर्तव्यवाद मांडणाऱ्या कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या वाटेचं. कृपा करून हे लिहू नका. उपयुक्ततावादाच्या बेंथमनं १७८९ साली मांडलेला विचार असा आहे की कृती करण्याआधी तिच्यानं ज्यांच्यावर परिणाम होईल त्या सगळ्यांचं सुखदुःख मोजा. तेही असं की प्रत्येक माणूस एकच, राजा असो की भंगारवाला. कप फुटल्यावर तुकडे मोजणाऱ्या मुलाचा आणि या हिशोबाचा काडीचा संबंध नाही. शिवाय हेतू स्पष्ट करून सांगितला, चित्रातून दाखवला, तर तीन-चार वर्षांची मुलंही तो लक्षात घेतात, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं. पियाजेच्या गोष्टीत हेतू आणि नुकसान एकत्र गुंतलेलं होतं आणि पंधरा हा आकडा फार मोठ्यानं ओरडत होता.

आता कोहलबर्ग. १९५८ साली शिकागो विद्यापीठातला त्याचा पीएच.डी.चा प्रबंध, दहा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या मुलाखती. फक्त मुलगे, हे ध्यानात ठेवा. हाइन्झची बायको मरणाच्या दारात आहे. औषध करायला दोनशे डॉलर लागतात, औषधवाला दोन हजार मागतो, हाइन्झकडे उसनेपासने करून हजार जमतात. औषधवाला ऐकत नाही, हाइन्झ दुकान फोडतो. बरोबर केलं का? मुलगा 'हो' म्हणतो की 'नाही', याला गुण नाहीत. कारण काय देतो, त्याला आहेत. शिक्षेची भीती, आपला फायदा, लोक काय म्हणतील, कायदा, करार आणि शेवटी सार्वत्रिक तत्त्व, अशा तीन पातळ्यांवरच्या सहा पायऱ्या.

विचारा आता, वरच्या पायरीवर कोण बसलंय? कांट, आणि त्याच्या शेजारी न्यायाचा विचार मांडणारा अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्स. प्रत्येक माणसाला साध्य माना, नुसतं साधन मानू नका. नियम असा करा की तो सगळ्यांना लागू करता येईल. म्हणजे कोहलबर्गनं कांटकडे पोहोचण्यालाच विकास म्हटलं. सहाव्या पायरीवरची माणसं इतकी थोडी सापडली की पुढे त्यानं गुण देण्याच्या पद्धतीतून ती पायरी काढूनच टाकली. रॉल्सनं १९७१ च्या आपल्या ग्रंथात स्वतःही मुलांचा प्रवास मांडला आहे: आधी आईवडिलांच्या अधिकाराची नीती, मग सोबत्यांची, मग तत्त्वांची. तत्त्वज्ञ मानसशास्त्रात आला आणि मानसशास्त्रज्ञ तत्त्वज्ञानात. हा संबंध एका ओळीत लिहिलात तरी तुमच्या परीक्षकाला बरं वाटेल.

हाइन्झ मी सातवीच्या मुलांना सांगितला, नाव बदलून. थोडा वेळ चोरी करावी, करू नये असं चाललं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वडील यंत्रमागावर रात्रपाळीला, वैतागून उठला. "बाई, पण त्यानं सिव्हिलला का नाही नेलं? केसपेपर काढायचा की! आणि गल्लीत वर्गणी करायची. त्या दुकानदाराच्या आईला जाऊन सांगायचं." सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले आणि "प्रश्न नीट ऐक" म्हणून त्याला खाली बसवलं.

माझी ती चूक होती. ती कळायला मला गिलिगन वाचावी लागली. कॅरल गिलिगन हार्वर्डला कोहलबर्गबरोबरच काम करत होती. १९८२ च्या तिच्या पुस्तकात अकरा वर्षांचे जेक आणि एमी आहेत. जेक म्हणतो, जीव पैशापेक्षा मोठा, चोरी करावी, गणित सोडवल्यासारखं. एमी म्हणते, चोरी केली आणि तो तुरुंगात गेला तर बायकोकडे कोण बघणार? उसने घ्या, औषधवाल्याशी बोला. कोहलबर्गच्या मापानं एमी जेकच्या खाली जाते, कारण तिनं प्रश्नाचं उत्तरच दिलेलं नाही असं वाटतं. गिलिगनचं म्हणणं, तिनं दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. हाइन्झनं चोरी करावी का, यापेक्षा ही नाती तुटू न देता बाई कशी वाचेल, हा तिचा प्रश्न होता. यातून पुढे काळजीची नीती उभी राहिली. मुली एक बोलतात आणि मुलगे दुसरं, हा भाग मात्र नंतरच्या तपासण्यांत फारसा टिकला नाही. माझा सिव्हिलवाला तर मुलगाच होता. ज्या घरात दुखणं-खुपणं गल्लीच्या जोरावर निभावतं, त्या घरातलं पोर नात्यांतून वाट काढायला शिकतं. त्याला आपण 'तिसरी पायरी' म्हणून खाली ठेवायचं? मला पटत नाही.

तरी तत्त्वांचा प्रश्न नात्यांनी सुटत नाही, हेही तितकंच खरं. त्याच वर्षी आम्ही मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेलं. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, झेंडा मिरवणं गुन्हा ठरलं आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. एका मुलीनं सरळ विचारलं, कायदा मोडणं चूक, मग झेंडा घेऊन फिरणाऱ्यांना आपण चांगलं का म्हणतो? मी गप्प राहिले. दुसरी म्हणाली, "तो कायदा कुणी केलता? आपल्याला विचारून केलता का?" कोहलबर्ग ज्याला कायद्याच्या पलीकडची पातळी म्हणतो, ती तेराव्या वर्षी अशी चुटकीसरशी डोकावते आणि पुन्हा मधल्या सुट्टीत रांगेत घुसण्यावरून तीच मुलगी "माझा नंबर होता" म्हणून झोंबाझोंबी करते. मूल एका पायरीवर मुक्काम ठोकून बसत नाही. ज्या प्रश्नात त्याचा जीव अडकलेला असतो त्यावर त्याची पायरी ठरते.

मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएलचा मुद्दा शिक्षकांच्या सगळ्यात कामाचा आहे आणि तो फारसा कुणी शिकवत नाही. त्याचं म्हणणं, मुलं सगळे नियम एका माळेत ओवत नाहीत. तीन-चार वर्षांच्या मुलाला विचारा, "बाईंनी सांगितलं की आज गणवेश नको, तर चालेल का?" चालेल. "बाईंनी सांगितलं की आज मारलं तरी चालेल, तर?" बालवाडीतल्या एका पोरानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की बाईंना एवढंही कळत नाही. म्हणाला, "बाई म्हटल्या तरी लागतंय की!" एवढ्याशा वाक्यात अख्खा मुद्दा आला. मारणं वाईट आहे ते कुणी सांगितलं म्हणून नाही, लागतं म्हणून. गणवेश हा संकेत, म्हणजे आपसांत ठरवलेली रीत, मार हा नीतीचा प्रश्न.

यावर मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि सोबत्यांनी १९८७ मध्ये भुवनेश्वरच्या अभ्यासावरून आक्षेप घेतला. तिथल्या लोकांना वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलानं केस कापून कोंबडी खाणं हे शिकागोच्या माणसाला वाटतं तसा नुसता संकेतभंग वाटत नाही, घोर पाप वाटतं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. सोलापुरात एका वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं असतात. डब्यात अंडं आणलं म्हणून शेजारची मुलगी पाटी उचलून दुसरीकडे बसते, तेव्हा तिच्या मनात तो संकेत आहे की पाप? माझा मार्ग असा: तिच्या घरच्या खाण्याला मी हात लावत नाही, पण अंडं आणलेल्या मुलाला तिच्या उठून जाण्यानं काय वाटलं, ते तिच्यासमोर त्याला सांगायला लावते. कुणाचा धर्म काय म्हणतो यावर वाद घालत बसलं की तास संपतो. 'त्याला लागलं' यावर मात्र चार वर्षांचं पोरही तुमच्या बाजूला येतं.

सद्‌गुणांच्या नीतीबद्दल थोडक्यात, कारण ती आपल्याला आधीच येते. ॲरिस्टॉटल म्हणतो, न्याय्य कामं करत करतच माणूस न्यायी होतो. आपल्याकडे याला 'हात बसणं' म्हणतात. कडक भाकरी पातळ कशी थापायची, यावर कुणी व्याख्यान देत नाही. पहिल्या पन्नास फाटतात, मग हात बसतो.

पण सवय लावायला बक्षीस ठेवलं की काय होतं, ते मी स्वतःच्या हातानं करून बघितलंय. सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला 'प्रामाणिकपणाचा स्टार', असा तक्ता मी वर्गात लावला होता. पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर अकरा पेन्सिली. दुसऱ्या आठवड्यात एक आई आली: "बाई, रोज नवी पेन्सिल घ्यावी लागतीय, पोरगं रोज हरवतंय." पोरं स्वतःच्या पेन्सिली 'सापडल्या' म्हणून जमा करत होती! दोघांनी तर भागीदारी केली होती, एकानं टाकायची, दुसऱ्यानं सापडवायची. तक्ता उतरवला. वीस महिन्यांच्या बाळांवर वार्नेकन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये दाखवलं की मदतीबद्दल खेळणं दिलेली बाळं पुढच्या वेळी इतरांपेक्षा कमी मदत करतात. दंडाचंही तेच. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांनी मुलाला उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड भरला म्हणजे उशिराची किंमत दिली, मग लाज कशाची? दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही. हा अभ्यास २००० सालचा.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमननं शिस्तीच्या तीन तऱ्हा सांगितल्या, त्या तुमच्या घरात आजच सापडतील. धपाटा देणं ही पहिली. "जा, मी तुझ्याशी बोलणार नाही" ही दुसरी. "बघ, तिला पुसायला काहीच उरलं नाही, तिची वही काळी झाली," ही तिसरी. तिसऱ्या तऱ्हेनं मुलाची नजर स्वतःच्या गालावरून दुसऱ्याच्या वहीवर जाते. धपाट्यानं ती गालावरच राहते. पहिल्या दोन तऱ्हा माझ्या हातून कधीच घडल्या नाहीत, असं मी म्हणणार नाही. चाळीस पोरांचा वर्ग आणि जून महिना असला की घडतात.

आता तुमचा खोडरबर. 'तिच्याकडे दोन होते' हे वाक्य फार मोठं आहे, ताई. त्यात वाटणी आहे, गरज बघणं आहे, मित्राची काळजी आहे. उपयुक्ततावादी म्हणेल, एका खोडरबरानं तिचं फारसं बिघडलं नाही, त्याचं भलं झालं. कांट विचारेल, ज्याला जास्त वाटेल त्यानं दुसऱ्याचं उचलून वाटून टाकावं, हा नियम सगळ्यांनी पाळला तर चालेल का? काळजीची नीती म्हणेल, मित्र दिसला, पण ती मुलगी का दिसली नाही? ॲरिस्टॉटल म्हणेल, दुसऱ्याच्या खिशातून केलेलं दान औदार्य नव्हे. चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि सात वर्षांच्या मुलाला यातले तीन प्रश्न कळतात. कांटचा तर सगळ्यात आधी कळतो, फक्त तो त्याच्या वस्तूवरून विचारायचा: "तुझ्याकडे दोन पेन्सिली आहेत. एक मी शेजारच्या दादाला देऊन टाकू, तुला न विचारता?"

म्हणून चोरी की मदत, हा शिक्का मारायची घाई करू नका. चोर म्हणालात तर त्याला वाटेल मित्राची गरज बघणंच चुकलं. शाबास म्हणालात तर त्या मुलीचा खोडरबर हवेत विरला. दोन्ही बोला, पण वेगवेगळी: "त्याच्याकडे नाही हे तुझ्या लक्षात आलं, ते मला आवडलं. तिला विचारलं नाहीस, ते चुकलं." मध्ये 'पण' घालू नका, 'पण' ऐकला की मूल आधीचं वाक्य विसरतं.

नंतर त्याला त्या मुलीकडे पाठवा. एक तयारी ठेवा: तिच्या लेखी ते दोन खोडरबर सारखे नसतील. माझ्या वर्गात असाच प्रकार झाला होता तेव्हा ती मुलगी दिवसभर रडली. कारण तो वासाचा खोडरबर तिच्या मामानं गड्ड्याच्या जत्रेतून आणला होता, आणि दुसरा नुसता पांढरा. 'दोन आहेत' हे बाहेरून मोजणाऱ्याला दिसतं. हे तुमच्या मुलानं तिच्याच तोंडून ऐकावं. मित्राला दिलेला खोडरबर परत मागायचा की आपला द्यायचा, हा अवघड भाग आहे आणि तो त्याचाच आहे. रात्री विचारून ठेवा, "तू काय करणार?" काहीतरी अर्धवट उत्तर देईल, देऊ द्या. सकाळी त्याच्या दप्तरात नवा खोडरबर टाकून प्रश्न परस्पर मिटवू नका. आणि तो तिच्याशी बोलत असेल तेव्हा वर्गाच्या दारात उभ्या राहू नका.